आपला नंबर तीनदा

३ सप्टेंबर २०२३, पवनी

आजही सगळं ताराचंदच्या घरून!

अंकुशनं इंटरनेटचा धंदा काढला तेव्हा पहिलं राउटर आमच्या माळ्यावर बसलं. नारळ मी फोडला. दुसरं गल्लीच्या टोकाला, माझ्या शाळासोबत्याकडे, ताराचंदकडे — नुसतं अडीअडचणीला. दिवाळीपासून उलटं झालंय. गावाची सगळी ये-जा त्याच्या राउटरवरून, आमचं अडीअडचणीला. आणि मुख्य मशीन जिथं, तिथं अंकुश अन् त्याची माणसं. रोज दुपारी तिथंच चहा, तिथंच हसणं. बापाच्या माळ्यावर एक हिरवा दिवा. लुकलुकतो बिचारा.

४ सप्टेंबर

राउटरांना वाटा नेमून देते ती रीता, आमची सून. तिलाच गाठलं.

"आपल्याकडून वाट जवळची ना?"

"हो मामाजी. आपल्या वाटेत मधात दोन नेटवर्क, काकाजीच्या वाटेत तीन."

"मग तिकडून कायले?"

"वाट किती लहान, हे राउटर मागून पाहते. आधी लोकल प्रेफरन्स. म्हणजे आपण कोणाले किती पसंती दिली, तो आकडा. मोठा आकडा जिंकते. आपल्याले शंभर, काकाजीले दोनशे."

दोनशे!

"हे झालं बाहेर जाणारं," ती म्हणाली. "बाहेरून येणाऱ्यावर आपला हुकूम नाही चालत. म्हणून आपल्या वाटेवर आपल्याच नेटवर्कचा नंबर तीनदा लिहून ठेवला. जितके नंबर, तितकी वाट लांब दिसते, मंग जग काकाजीकडून येते."

म्हणजे आपणच आपलं घर दूर करून ठेवायचं! कोणी सांगितलं असं करायला?

"ह्यायनंच."

पोटचा पोरगा!

७ सप्टेंबर

ताराचंदचा आवाज इथवर आला. खड्या सुरात कविता, मागून टाळ्या. त्यात अंकुशच्याही असणार. म्हातारपणीही मिरवणं सुटलं नाही! शाळेत असताना जिल्ह्याच्या स्पर्धेला — गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात — दरवर्षी तोच जायचा. "नंद्या, पेटी धर," म्हणायचा, अन् मी पेटी धरून एसटीपर्यंत. त्या कविता मलाही पाठ होत्या. अजून आहेत. डोळे मिटले की खडूचा वास येतो, चिंचेची सावली वर्गात सरकते... पण माझ्या पोरानं कधी म्हटलं नाही, बाबा, म्हणा एखादी.

बायको, सुमित्रा, म्हणते, "दिवाळीपासून पाय नाही ठेवला तुम्ही त्यायच्या घरी. जाऊन पाह्यत काहून नाही?"

नाही जाणार!

१० सप्टेंबर

अंकुश जेवायला बसला तेव्हा काढलंच. "बापाले शंभर अन् ताऱ्याले दोनशे?"

त्याचा हात भातातच राहिला. "तसं नाही जी ते, बाबा."

"मग कसं?"

त्यानं सुमित्राकडे पाहिलं. मग रीताला म्हणाला, "कर, बाबा म्हणतेत तसं."

११ सप्टेंबर

आम्हाला तीनशे! आणि नंबर एकदाच. माळ्यावरचे दिवे नुसते धावताहेत. जिन्यात उभा राहून पाहत होतो, चहा निवला.

१६ सप्टेंबर

माणसं आता इथं येतात. आज त्यांना एक कविता म्हणून दाखवली. ऐकली त्यांनी. पण अंकुश खिडकीतून गल्लीच्या टोकाकडे पाहत होता. तिकडे सामसूम. ताराचंदचा आवाज नाही. बरं झालं!

१९ सप्टेंबर

शकुनबाई आल्या होत्या, ताराचंदची बायको. दारातूनच —

"भाऊजी, मशीन खराब झालं काय? पोट्टे येऊन नाही राहिले. हे दिवसभर दरवाज्यात बसून राह्यतेत."

"तो कायले वाट पाह्यते त्यांची?"

"त्यायले काही आठवत नाही आता. मले म्हणतेत, बाई, तुम्ही कोणाच्या? पोट्टे आले का शाळा भरली वाटते, कविता तेवढी म्हणतेत. अंकुश म्हणे, काकू, मशीन इथूनच चालवतो, रोजचं येणं-जाणं राहीन."

त्या गेल्यावर सुमित्राला विचारलं, मला कोणी का नाही सांगितलं?

"त्यायचं नाव काढाची सोय होती काय तुमच्यासमोर?"

२० सप्टेंबर

गेलो. ताराचंद दारात खुर्चीवर. केस विंचरलेले, शर्टाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. म्हटलं, म्हण ताऱ्या एखादी.

"थांबा जी. नंद्या येऊ द्या. त्याच्यासारखं ऐकणारं वर्गात कोणी नाही. तो आल्याबिगर मी सुरू नाही करत."

मी समोरच बसलो होतो.

घरी येऊन रीताला सांगितलं — पहिल्यासारखं कर. आणि आपला नंबर तीनदा नको, पाचदा लिही.