दिवसा सगळं स्वच्छ

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून वहिनीला हाक मारशील, भिंगरीला अखेर सवड झाली म्हणून. झाली बाबा. तुमच्या गॅस स्टेशनात फाटकावरच मोबाइल काढून घेतात, आणि तुझं क्वार्टर आवाराच्या आत. मग तुझ्याशी बोलायचं तर कागदच काळे करायला हवेत.

बातमी अशी की मला टेबल बदलून मिळालं. आता मी मिथेनवर लक्ष ठेवते. म्हणजे तुझाच माल, जो तू पाइपातून पुढे ढकलतोस. चुलीत जळला तर एक वेळ ठीक, पण न जळता हवेत गेला तर पंचाईत. पृथ्वीची उष्णता तो इतकी धरून ठेवतो की वीस वर्षांचा विचार केला तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट भरेल. पण एक गुण आहे त्याच्यात. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हटत नाही, आणि हा मात्र दहा-बारा वर्षांत बराचसा विरून जातो. म्हणजे आज गळती थांबवली तर तिचा फायदा आपल्याच हयातीत दिसेल. या कामात माझा जीव अडकलाय तो त्यामुळेच.

आमचा उपग्रह रोज दुपारी, जेवणं उरकली की थोड्याच वेळाने, तुझ्या डोक्यावरून जातो. बाहेर येऊन हात कर. त्याला माणसं दिसत नाहीत, पण मला बरं वाटेल. रात्री मात्र उगाच हात दुखवू नकोस. उन्हाशिवाय त्याला गॅस दिसत नाही, अंधार पडला की तो ठार आंधळा.

वहिनीला नमस्कार, भाचीला पापा. माझ्यावर लोभ कर, आणि उत्तर टाळायला कामाच्या पाळीचं निमित्त सांगू नकोस.

तुझी,
भिंगरी


१५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीने आधी वाचलं, मग मी, मग पुन्हा वहिनीने मोठ्याने. ऐंशीपट वाचून म्हणाली की एवढं तापणारं डोकं या घरात एकच आहे, आणि तेही गॅसवरच कामाला आहे.

हात केला हो. एकट्याने नाही, सगळी पाळी बाहेर काढली आणि हेल्मेटं हलवत आम्ही आभाळाकडे बघून ओरडत होतो. साहेबांनी खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, आता काही खैर नाही. पण मी छाती फुगवून सांगितलं की वरून आमची धाकटी बहीण बघते आहे. साहेब एकदम लोण्याहून मऊ. खुर्ची दिली, चहा मागवला. रोज जातो का, नेमका कधी जातो, रात्री का दिसत नाही, सगळं खोदून खोदून विचारलं. तुझ्या पत्रात होतं तेवढं मी सांगून टाकलं. इतक्या वर्षांत साहेबांसमोर बसून चहा पहिल्यांदाच प्यायलो.

आता एक विचारतो. दुपारी गावातल्या चुली बंद झाल्या की आमच्या पाइपात दाब चढतो. तो उतरवायला आम्ही उंच धुराड्यातून थोडा गॅस वर सोडतो. पूर्वी धुराड्याच्या टोकाला ज्योत असायची, सुटेल तो गॅस तिथेच जळून जायचा. आजूबाजूच्या लोकांनी तक्रार केली की उजेडाने झोप लागत नाही, आवाजाने मुलं दचकतात. ज्योत विझवली, आणि पेटवायचं यंत्र पुढे नादुरुस्त झालं. आता गॅस तसाच जातो. दिसत नाही, म्हणून कोणाची तक्रारही नाही. हे तुझ्या उपग्रहाला दिसतं का गं? दिसत असेल तर मला ओरडू नकोस, झडप उघडायचा हुकूम वरून येतो.

तब्येत सांभाळ. रागावलीस तरी लोभ तोडू नकोस.

तुझा,
दादा


२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिसतं रे दादा. तुझं पत्र आलं त्या दिवसापर्यंत मी तुझ्या स्टेशनकडे मुद्दाम कधी बघितलं नव्हतं. आपलं माणूस तिथे आहे म्हणजे सगळं ठीकच असणार, असं धरून चालले होते. मग चित्र उघडलं. स्टेशनावरून वाऱ्याच्या दिशेने गॅसचा एक लांब पट्टा गेलेला. आदल्या दिवशीही होता, त्याच्या आदल्या दिवशीही. तू 'थोडा' लिहिलंयस. तो थोडा नाही. आमच्या गळतीच्या यादीतल्या पहिल्या काही स्टेशनांत तुमचं नाव आलंय.

मी ते लपवलं नाही. आमच्या मुख्य बाईंना दाखवलं आणि तुमच्या कंपनीला सूचना गेली. तुझा भाऊ तिथे आहे का, असं कोणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही. तुला अंधारात ठेवायचं नाही म्हणून हे लिहिते आहे. तू चिडू नयेस एवढीच इच्छा.

खरं सांगू? भीती वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. कितीतरी ठिकाणी गळती कुठून होते तेच सापडत नाही. दलदलीतून मिथेन निघतो तिला काय झाकण घालणार? इथे मात्र जागा माहीत, कारण माहीत, उपायही माहीत. ज्योत पुन्हा पेटवली की झालं. जळाल्यावरही कार्बन डायऑक्साइड होतोच, पण दगडापेक्षा वीट मऊ. आणि तिथे तू आहेस! साहेब तुझं ऐकतात, चहा पाजतात. तू मागे लागलास तर यंत्र दुरुस्त होईल.

लौकर कळव. डोळे तुझ्या पत्राकडे लागलेत, माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भिंगरी


२४ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चिडलो नाही. तुझं काम तू केलंस.

सूचना आली तेव्हा मी साहेबांच्या खोलीत होतो. म्हटलं, साहेब, आता ज्योत पेटवू, यंत्राच्या सुट्या भागांसाठी मी पुन्हा मागणी लिहितो. ते हसले आणि म्हणाले की त्याची गरज नाही, तुझ्याच कृपेने तोडगा सापडलाय. त्या दिवसापासून दुपारी आम्ही दाब धरून ठेवतो, पाइपात मावेल तेवढा कोंबतो. दिवस मावळला की धुराडं उघडतो. गॅस तेवढाच जातो, भिंगरे. फक्त तुझा उपग्रह आंधळा असताना जातो.

तू मला सांगितलंस, मी साहेबांना सांगितलं. एका चहाच्या कपावर भुललो. मूर्खपणा केला मी.

मी बोललो साहेबांना. म्हणालो की हे बरोबर नाही, आमची बहीण म्हणते याने ऊन वाढतं, पाऊसपाणी बिघडतं, हे आपल्याच मुलांच्या अंगावर येणार. ते शांतपणे म्हणाले की मग बहिणीला जरूर कळव, आणि तिच्या उपग्रहाच्या वेळा बाहेर कोणी फोडल्या तेही कळव. दोघांच्या नोकऱ्या जातील. वर म्हणाले, मी काय हौसेने करतो का, दुरुस्तीला स्टेशन बंद ठेवायचं तर तीन गावांच्या चुली विझतील, मग लोक मलाच जाळतील. त्यांचंही अगदीच खोटं नाही. संध्याकाळी झडप पुन्हा मीच उघडली.

तू काही करू नकोस. स्वतःला सांभाळ, आणि या वेड्या भावावर लोभ असू दे.

तुझा,
दादा


९ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी केलं. तू नको म्हणालास तरी.

त्याचं असं झालं की आमच्या यादीत तुमच्या स्टेशनासमोर 'गळती बंद' असं लिहिलं गेलं. रोजच्या चित्रात दिवसा सगळं स्वच्छ. या वर्षातलं आमचं हे पहिलं यश, म्हणून ऑफिसात केक आणला आणि कापायला मलाच पुढे केलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी माझा तुकडा कागदात गुंडाळून ठेवला.

टाळ्या थांबल्यावर बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तुझं नाव, माझं पत्र, वेळ, सगळं. बाई वाईट नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं. मग म्हणाल्या की माझ्यावर त्यांचा विश्वास आहे, पण आमच्याकडे चित्र हाच पुरावा, आणि अंधारातलं चित्र निघत नाही. भावाने बहिणीला लिहिलं एवढ्यावर कंपनीला खोटं पाडता येत नाही. माणूस पाठवून मोजायचं तर आवारात शिरायला कंपनीचीच परवानगी लागते. हे पुन्हा कुठे बोललीस तर आधी तुझी खुर्ची जाईल, मग त्याची, आणि धुराडं तसंच चालू राहील, असं म्हणाल्या.

मला वाटलं होतं की खरं सांगितलं की पुढचं आपोआप होईल. काही होत नाही, दादा. मी रोज सकाळी येते आणि तुझ्या स्टेशनाचं स्वच्छ चित्र उघडते. सगळ्यांत जास्त तेच बघवत नाही.

रागावलास तरी चालेल, पण दूर लोटू नकोस.

तुझी,
भिंगरी


३० मे

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या दादांनी तुम्हाला लिहू नको म्हणून बजावलंय. पण त्यांचं सगळं ऐकलं असतं तर माझा संसार कधीच बुडाला असता, म्हणून लिहिते.

साहेब रजेवर गेले होते. पाळीचा ताबा यांच्याकडे. त्या संध्याकाळी यांनी लांब बांबूला रॉकेलची चिंधी बांधली, धुराड्याच्या शिडीवर चढले आणि हाताने ज्योत पेटवली. पूर्वी यंत्र यायच्या आधी तसंच करायचे म्हणे. माझा जीव टांगणीला. खाली उतरले तेव्हा भुवया करपलेल्या आणि चेहरा असा फुललेला की आमच्या लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. जेवताना लेकीला म्हणाले, तुझी आत्या मला जे सांगत होती ते आज झालं. साहेब येईपर्यंत रोज संध्याकाळी तेच.

शेजारपाजारच्यांनी तक्रार केली, ते अपेक्षितच होतं. तेवढ्यावर निभावलं असतं. पण साहेब परतले त्याच दिवशी तुमच्या ऑफिसचा कागद आला, की तुमच्या स्टेशनावर रात्री नवी आग दिसते आहे, ताबडतोब खुलासा करा. साहेबांनी तो यांच्या हातात दिला आणि सर्वांसमोर वाचायला लावला. ज्योत विझवली. यांना झडपांवरून काढून फाटकावर बसवलंय. येणाऱ्यांचे मोबाइल घ्यायचे आणि चिठ्ठी द्यायची.

वन्सं, तो कागद तुम्ही पाठवलात का? नाही म्हणून कळवा, म्हणजे मला झोप लागेल. राग आलाय, पण तुम्ही परक्या नाही. जिव्हाळा राखून आहे.

तुमची,
वहिनी


८ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनीला सांग, कागद मी पाठवला नाही. पण आमच्याच खोलीतून गेला, शेजारच्या टेबलावरून. रात्रीच्या आगी टिपणारा उपग्रह वेगळा आहे. त्याला गॅस दिसत नाही, ज्योत दिसते. तुमच्या स्टेशनावर लाल ठिपका बघितला आणि मला इतका आनंद झाला की खुर्चीवरून उडाले. तू आहेस हे लगेच ओळखलं. शेजारी सांगायला गेले तर सूचना केव्हाच गेलेली.

मी भांडले, दादा. सांगितलं की ही ज्योत म्हणजे चांगली गोष्ट आहे, ती विझली की न जळलेला गॅस जाईल. शेजारचा म्हणाला की गॅस तर तूच बंद केलास ना, यादीत तसं लिहिलंय. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

आता दोन्ही रकाने कोरे झाले. दिवसा गॅस नाही, रात्री आग नाही. तुमच्या स्टेशनाला आभाराचं पत्र पाठवायचं ठरलं आणि पहिलं चित्र माझं म्हणून सही माझी. नको म्हटलं. का नको, असं विचारलं. खरं कारण सांगितलं तर तुझं फाटकही जातं. केली सही.

तुझ्या भुवया आल्या का? दुसरं काही विचारायचं धाडस होत नाही. जमलं तर मला आपली म्हण.

तुझी,
भिंगरी


२५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

वेडी का खुळी! आपली म्हण काय? वहिनीने पत्र वाचलं, डोळे पुसले आणि आता रात्री घोरते आहे, एवढं तुला पुरे.

भुवया आल्या, एक जरा वाकडी आली. फाटकावर बरं चाललंय. पायाला आराम, पगार तोच. संध्याकाळ झाली की धुराड्यातून सुटणाऱ्या गॅसची शिट्टी इथवर ऐकू येते. आधी उठून उभा राहायचो. आता बसून राहतो. झडप माझ्या हातात नाही, आणि होती तेव्हा तरी कुठे होती.

तुमचं आभाराचं पत्र आलं. साहेबांनी चौकट करून इथेच लावलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडावं म्हणून. म्हणजे नेमकं माझ्या डोक्यावर. लोक मोबाइल देता देता वाचतात, खालची सही बघतात आणि विचारतात की ही कोण बुवा एवढी मोठी बाई. मी सांगतो, आमची धाकटी. आणि काय करू गं, सांगताना अजून छाती फुगतेच.

लोभ आहे तो आटणार नाही.

तुझा,
दादा