अस्वलाच्या मांडीवर

६ जानेवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ. वि. वि.

सुट्ट्यांचा हंगाम एकदाचा संपला आणि मी पाय कोमट पाण्यात सोडून हे पत्र लिहायला बसले आहे. आमच्या दुकानाचे चारही मजले शेवटचे दोन आठवडे माणसांनी नुसते फुलले होते. मी नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यामागे, आणि काका नेहमीप्रमाणे खेळण्यांच्या विभागातल्या लाल खुर्चीत अस्वलाचा पोशाख चढवून. पोर मांडीवर बसवायचं, फोटो काढायचा, आईबापांच्या हातात नंबराची चिठ्ठी द्यायची, की पुढचं पोर. छत्तीस फोटो झाले की रोल बदलायचा, तेवढीच काय ती उसंत.

एक गंमत सांगते. शेवटच्या रविवारी भर दुपारी काका अस्वलाच्या आत चक्क झोपले! अर्धा रोल संपला तरी मला पत्ता नाही. कळणार तरी कसं? मुंडकं तेच, आणि त्यावरचं हसू कायमचं शिवलेलं. शेवटी एका चिमुरडीने तक्रार केली की अस्वल घोरतंय. मी जाऊन पोटात ढोसलं, तर आतून विचारणा झाली की चहा आणलास का. हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

घरी त्यांच्या पाठीला तेल चोळताना मात्र जीव कळवळला. मुंडकं चार किलोचं, आणि दिसायचं ते फक्त जबड्यातल्या जाळीतून. सदुसष्टाव्या वर्षी हे पुरे करा म्हटलं, तर म्हणाले की पॅकिंगच्या टेबलाशी तीस वर्षं उभा होतो तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आता पोरं रांग लावतात. आईबाबा गेल्यावर आपल्या दोघांना वाढवताना या माणसाने स्वतःची कसली हौस केली रे? म्हणून मीही गप्प बसते.

वेळेवर जेवत जा. कळावे, ताईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

१९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून एकटाच खो खो हसलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ऑफिसात ते सांगायला गेलो. तुला माहीतच आहे, आमच्या बिस्किट कंपनीत मान असतो तो फिरत्या विक्रेत्यांना. ते गावोगावचे किस्से आणतात आणि आम्ही कारकुनांनी माना डोलवायच्या. सहा वर्षांत निम्म्यांना माझं नावही ठाऊक नाही, कोपऱ्यातला म्हणतात.

तर मी अस्वलाच्या झोपेपर्यंत आलो आणि पाहिलं, तर अर्धे लोक बिस्किटं निवडण्यात गुंग. काय झालं कोण जाणे, झोपला म्हणायच्या ऐवजी मी मेला म्हणून गेलो. अस्वल आतल्या आत मेलं, आणि बारा पोरं त्या मढ्याच्या मांडीवर बसून हसत फोटो काढून गेली. ताई, कप हातातच राहिले सगळ्यांचे! त्यांच्यातले सगळ्यात मोठे विक्रेते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. मग मीही तिखटमीठ लावलं. शेवटच्या पोराने सांगितलं की अस्वल गार पडलंय, वगैरे.

रागावू नकोस. कुठल्या दुकानाचं, गावाचं, माणसाचं नाव घेतलेलं नाही. काकांना नमस्कार सांग. कळावे, लोभ आहेच, त्यात भर पडो.

तुझा,
धाकटा

२४ नोव्हेंबर

चि. धाकटोबास,
अ. उ. आ. वि. वि.

हसावं की रडावं कळत नाही. तुझी गोष्ट घरी परत आली. हंगामाचा पहिलाच शनिवार, आणि रांगेतल्या एका बाईंनी मलाच ती ऐकवली! त्यांच्या नणंदेच्या गावी घडली म्हणे. दुसऱ्या एकीच्या गोष्टीत अस्वलाच्या जागी ससा होता आणि दुकानदाराने बंद होईपर्यंत प्रेत झाकून ठेवलं. आमच्या फुगेवाल्याने तर शपथ घेतली की चाळीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांनी हे पाहिलं होतं. पराचा कावळा होतो हे ऐकून होते, पण हे कावळे थव्याने आले की रे.

इथवर मीही हसले. पण आता प्रत्येक बाप पोराला मांडीवर ठेवण्याआधी काकांना टोचून बघतो, जिवंत आहेत ना म्हणून. परवा एका आजीबाईंनी केसातली पिन काढून मांडीत खुपसली. हे कमी होतं म्हणून मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं की अस्वलाने दिवसभर सतत हात हलवत राहायचं, म्हणजे गिऱ्हाईक बिचकणार नाही.

आता मुद्द्याचं. मंगळवारी काकांना जिन्यात घेरी आली. डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलं, आणि तो पोशाख पुन्हा अंगावर चढवाल तर परिणामांना तुम्ही जबाबदार, असं खडसावलं. काका बाहेर येऊन म्हणतात की डॉक्टर अजून लहान आहे. माझं ते ऐकणार नाहीत, मी रोज ओरडणारी. तुझा शब्द मात्र त्यांना ब्रह्मवाक्य, हे तुलाही माहीत आहे. त्यांना लिही की बस झालं. दोन ओळी पुरेत. आणि ती गोष्ट सांगणं बंद कर बाबा.

वाट पाहते. कळावे, आहे तो जिव्हाळा काकांसाठी कामी आण.

तुझी,
ताई

५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ससा! आणि चाळीस वर्षांपूर्वीचे फुगेवाल्याचे वडील! ताई, माझा आनंद गगनात मावेना. तुझं पत्र मी ऑफिसात वाचून दाखवलं, डॉक्टरांचा भाग सोडून. आता मला कोपऱ्यातला कुणी म्हणत नाही. खुद्द साहेबांनी बोलावून गोष्ट पुन्हा सांगायला लावली.

लोकांना ती इतकी का आवडते यावर मी बराच विचार केला. सुट्टीत सगळ्यांनी आनंदी दिसायचं अशी सक्तीच असते ना? पोरं चिरचिरी झालेली, नवराबायकोंचं वाजलेलं, तरी फोटोत दात दाखवायचे. अशात कुणी येऊन सांगतं की त्या हसऱ्या मुंडक्याच्या आत मढं होतं, तेव्हा माणसाला आतून बरं वाटतं. आपलंच काही बिनसलेलं नाही असं वाटतं. आणि घडलेलं असतं नेहमी दुसऱ्याच्या नणंदेच्या गावी.

काकांना वेगळं पत्र आजच टाकलं. प्रकृतीला जपा हे लिहिलंच आहे. पण एवढी हौस एकदम तोडली तर माणूस खचेल, म्हणून एक युक्तीही सुचवली. लोक घाबरताहेत ना, मग त्याचाच खेळ करावा. मेल्याचं सोंग घेऊन निपचित पडायचं, पोराने गुदगुल्या केल्या की दचकवून उठायचं. दिवसभर हात हलवायचे कष्ट वाचतील ते वेगळेच. बघ, तुझा धाकटा अगदीच बिनकामाचा नाही.

कळावे, कौतुक करायला कचरू नये ही विनंती.

तुझा,
धाकटा

१७ डिसेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र काकांनी तीनदा वाचलं, मला दोनदा वाचून दाखवलं आणि उशीखाली ठेवलं. प्रकृतीला जपा ही ओळ शेवटी होती, ती त्यांनी वाचलीच नाही. मी सांगितलं बंद करायला लाव, आणि तू त्यांना नवा खेळ दिलास. उंटावरचा शहाणा आहेस तू!

खेळ जोरात चालला आहे. रांग जिन्यापर्यंत जाते. काका मान टाकून पडतात. मग मी, हो, मीच, मॅनेजरसाहेबांच्या हुकमाने ओरडायचं की अस्वल मेलं वाटतं. पोर तळपायाला गुदगुल्या करतं. काका मनातल्या मनात दहा मोजतात आणि गुरगुरत ताडकन उठून उभे राहतात. लोक किंचाळतात, हसतात, पुन्हा रांग लावतात. दिवसाला साठ वेळा, ते चार किलोचं मुंडकं घेऊन. काल संध्याकाळी मुंडकं काढलं तर ओठ निळे होते, आणि मला विचारतात की शेवटची किंचाळी ऐकलीस का.

धाकट्या, मी थोरली असून तुझ्यापुढे हात जोडते. ये. येणं जमत नसेल तर दुकानाच्या नंबरावर फोन कर आणि तुझ्या तोंडाने त्यांना सांग की आता पुरे. तू सांगितलंस तर ते त्याच दिवशी पोशाख उतरवतील. तू सांगितलं नाहीस तर तो त्यांचा जीव घेईल.

तुझी,
ताई

२२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नेहमीच राईचा पर्वत करतेस. काकांचं स्वतःचं पत्र आलंय, आयुष्यात एवढी मजा कधी आली नाही असं लिहितात. फोनवर मी त्यांना काय सांगू, बंद करा?

मी निघालो असतोच. पण सव्वीस तारखेला कंपनीचं स्नेहसंमेलन आहे, मालक सहकुटुंब येणार आहेत, आणि कार्यक्रमात माझं नाव छापलंय. गोष्ट मी सांगायची आहे. दोन तारखेला पहाटेच्या गाडीने येतो आणि काकांशी समोरासमोर बोलतो. दहा-अकरा दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?

कळावे, राग असेल तो मी येईपर्यंत जपून ठेव.

तुझा,
धाकटा

३० डिसेंबर

धाकट्यास,

तार तुला मिळाली की नाही, माहीत नाही. तू आला नाहीस. अंत्यविधी परवा उरकला. फुगेवाला आणि पॅकिंगची माणसं होती.

सत्तावीस तारखेला, साडेचारच्या सुमाराला. काकांनी मान टाकली, मी ओरडले की अस्वल मेलं वाटतं. पोराने गुदगुल्या केल्या. काका उठले नाहीत. सकाळीच ते म्हणाले होते की आज लोकांना जरा ताटकळत ठेवू, दहाऐवजी तीस मोजू. मला वाटलं, तेच चाललंय. लोकांना तर फारच आवडलं. ते जितके उठत नव्हते तितका हशा वाढत होता. मॅनेजरसाहेबांनी लांबूनच खूण केली की चालू दे. मग मी तसेच फोटो काढत गेले. एका पोरानंतर दुसरं. त्यांची मान सारखी कलत होती, म्हणून एकदा मी फुगेवाल्याला बटण दाबायला सांगितलं आणि स्वतः जाऊन हनुवटी धरून उभी राहिले. अकरा पोरं बसून गेली.

तुझ्या गोष्टीतलं ते शेवटचं पोर आलंच नाही. एवढ्या जाड पोशाखातून गार पडलेलं कुणाला कळत नाही. रोल संपला म्हणून मी त्यांना पाणी द्यायला गेले. जबड्यातून नळी घातली, तर पाणी बाहेर आलं. मी मुंडकं उपसून काढलं आणि किंचाळले.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खूप वेळ वाजवल्या. मी त्यांना सांगत होते की अहो हे माझे काका आहेत, हे खरंच गेले, तशा त्या वाढत होत्या. एका माणसाने पोराला खांद्यावर घेतलं, नीट दिसावं म्हणून.

ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी तार सुट्टीभर ऑफिसच्या कुलूपबंद खणात पडून होती. गाडीचं तिकीट काढलेलं होतं, पण तुझं पत्र आलं आणि तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. मला क्षमा कर. दोन घास पोटात जात नाहीत. काकांनी मला सायकल शिकवताना मागून धरलेलं आठवतं आणि उठून बसतो.

काल न राहवून चहाच्या वेळी सगळ्यांना खरं सांगितलं. ते माझे काका होते, हे नुकतंच घडलं, आणि ही गोष्ट मीच रचली होती. ताई, कुणाला पटलं नाही. एकाने उलट माझीच चूक काढली की पोरं अकरा नव्हेत, बारा. ते सगळ्यात मोठे विक्रेते म्हणाले की ही गोष्ट त्यांनी लहानपणी आत्याकडून ऐकली आहे, तेव्हा उगाच आपल्या नावावर खपवू नकोस. ते ऐकून, खोटं कशाला सांगू, मला थोडं हलकं वाटलं. ती आधीपासूनच असेल तर मी काय केलं? मी फक्त ऐकीव काहीतरी पुढे सांगितलं, होय ना?

पण हे लोक आता मला थापाड्या म्हणतात. हसतात. मी बोलायला लागलो की उठून जातात. हे मला सहन होत नाही. एक विनंती आहे, रागावू नकोस. त्या दिवशीचा एखादा फोटो तुझ्याकडे असेल तर पाठव. एकच पुरे. एकदा पाहिला की त्यांची तोंडं बंद होतील.

कळावे, माझ्यावरचा लोभ आटू देऊ नये.

तुझा,
धाकटा

२० जानेवारी

फोटो सोबत आहे. अकरांपैकी हा आठवा. पोर हसतंय. अस्वलाची हनुवटी धरलेला हात माझा आहे आणि शेजारी मीही हसते आहे, स्पष्ट दिसतं. दाखव सगळ्यांना.

भेटायला येणारे विचारतात की भाऊ का आला नाही. मला भाऊ नाही, असं मी सांगते. लगेच पटतं त्यांना.