पीक कोन देईल, तू?

आबा, आज पाडवा होता आणि आपल्या रानात औत मी धरलं. हे ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्या. आता रागवायला तुम्ही नाही, आणि घाबरायला मीही ती परकरातली पोर राहिले नाही.

तो पाडवा मला अजून लख्ख दिसतो. तुम्ही वखर धुऊन अंगणात आडवा ठेवलाय, कुंकू लावायचं बाकी आहे. चुलीपुढून आई हाक मारते, ‘तांब्या आन गं लवकर,’ आणि मी परकर सावरत वखरावरून उडी मारून जाते. तुमचा हात पाठीत कधी बसला ते कळलंच नाही. ‘औत वलांडलंस? आता पीक कोन देईल, तू?’ चारच दिवसांनी गारा पडल्या आणि काढून पसरलेली ज्वारी काळी पडली. ओट्यावर बसून चुलते म्हणाले, ‘पोरीनं औत वलांडलं, दुसरं काय हुनार?’ मी दाराआड उभी राहून वाट बघत होते की तुम्ही काही बोलाल. तुम्ही तंबाखू मळत राहिलात. मार मी केव्हाच विसरले आबा, ते गप्प बसणं नाही विसरले. गारा तर सगळ्या शिवारात पडल्या होत्या. एवढ्या घरच्या पोरींनी एकाच सकाळी औत ओलांडलं होतं का, एवढं तरी विचारायचं होतं तुम्ही!

धसकटं वेचायला बाई चालते. करडई काढताना हाताला चिंध्या गुंडाळून काटे सोसायला चालते. खुरपायला, कडबा बांधायला, डोक्यावरून शेणखत वाहायला चालते. फक्त औताच्या दांड्याला हात लावला की आभाळ रुसतं. ट्रॅक्टरचं मात्र बरं आहे, तो कुणीही ओलांडा, त्याला पाप लागत नाही. पिकलं तर गड्याच्या मनगटात जोर, आणि बुडालं तर बाईचा पाय वाईट, हा न्याय मला लहानपणीही पटला नव्हता आणि आज तर मुळीच पटत नाही.

तुम्ही गेल्यापासून, मी सासर सोडून आले तरीही, आपलं रान चुलतभाऊच बटईनं, निम्म्या वाट्यावर करत होता. आपल्या गावची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, पाडव्याला ज्याचं औत आधी शिरलं त्याचं ते साल. यंदा मी त्याला शिमग्यालाच सांगून टाकलं की रान मी करणार. ज्वारी निघाली, धसकटं वेचून झाली, बोरीच्या बाजारातून नवा कासरा आणला. बैल आपल्याकडे एकच, म्हणून दुसऱ्यासाठी शेजारच्या मावशीशी सावड केली, तिचा बैल माझ्या रानात आणि माझा तिच्या. तिचंही रान तीच बघते. तरी आज दिवस उगवायला हा पठ्ठ्या आपली जोडी घेऊन रानाच्या बांधावर, धुऱ्यावर हजर!

‘अक्का, कशाला हट्ट करायलीस? बाईनं औत धरल्यावर पाऊस पडंल का?’

‘मागल्या साली पाऊस पडला न्हाई, तवा औत कोनी धरलं हुतं रं? तूच की!’

मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागली. तो धुऱ्यावरच उभा राहिला आणि मी बैल आत घातले. खोटं कशाला सांगू, पहिलं तास साफ वाकडं गेलं. खांदा भरून आला होता. मावशी मागून ओरडली, ‘जाऊ दे गं वाकडं! पीक काय तास बघून येतंय?’ दुसरं जरा बरं आलं. तिसऱ्याला मागं वळून पाहिलं तर धुरा मोकळा होता. आबा, मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्यानं बोलले, ‘हो, मी देईन पीक.’ तुम्ही विचारलं होतं ना? हे घ्या उत्तर.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. एक मात्र सांगायचं राहिलं. पहाटे वखर धुऊन मी अंगणात आडवा ठेवला होता, तुम्ही ठेवायचा तसाच. कुंकू चुलीजवळ राहिलं होतं. आज मुद्दाम ओलांडून जायचं, असं मी कधीपासून मनाशी ठरवलं होतं. पाय उचललाही. पण पाठीत तुमचा हात बसेल म्हणून क्षणभर तशीच थांबले. तो काही बसला नाही. मग पाय खाली ठेवला आणि वळसा घालून गेले.