चाक नसलेल्या वाहनाची पूजा

दादा, काल पिंपरी पेंढारला एका यंत्राची पूजा करून आलो आणि तेव्हापासून तुमची ती नावेची प्रार्थना आठवत बसलोय. अर्धीच आठवते. तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात मुलगा म्हणून तुमच्याकडं काही मागायला आलो नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

यंत्र म्हणजे ड्रोन. समजावून सांगतो, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्याकडच्या वावरांची मजल ट्रॅक्टरपर्यंतच होती. सहा हात पसरलेला मोठा कोळी डोळ्यांपुढं आणा. प्रत्येक हाताच्या टोकाला पंखा, पोटाशी औषधाची टाकी. माणूस बांधावर उभा राहतो आणि हा वरून टोमॅटोवर फवारणी करत जातो. बायकांच्या बचत गटाला तो मिळालाय. चालवणारी त्या गावची एक सून, पंचविशीची, पंधरा दिवस शिकून आलेली. गावासमोर पहिलं उड्डाण, म्हणून भटजी हवा. वाहनपूजेला या पंचक्रोशीत मलाच बोलावतात, आणि ते का, हे तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

खरं तर हे काम तुमचं. तुमच्या हातचं कुंकू किती वाहनांना लागलं! बैलगाड्या, सायकली, जीप. एकदा तर जुन्नरच्या एका पैलवानाची घोडी. पूजेआधी तुम्ही वाहनाभोवती एक फेरी मारायचात, आणि ती देवाच्या प्रदक्षिणेहून सावकाश असायची, हे मी तेव्हाही नोंदवलं होतं. लेण्याद्रीच्या पायथ्याशी एका जीपची पूजा चालू असताना वरून विमान गेलं. तुम्ही संकल्प मध्येच सोडून मान वर केलीत. यजमान ओंजळीत पाणी धरून ताटकळलेला. शेवटी तो म्हणाला, "काका, गेलं की आता ते." तुम्ही म्हणालात, "गेलं नाही. अजून दिसतंय." त्याच्या ओंजळीतलं पाणी गळून संपलं, मग तुम्ही खाली बघितलंत.

आणि नाणेघाट. मी असेन नऊ-दहा वर्षांचा. तुम्ही मला कड्याच्या टोकाशी नेऊन खाली कोकण दाखवलंत. म्हणालात, "तिकडं समुद्र. परदेशाची जहाजं तिथं लागायची आणि त्यातला माल बैलांच्या पाठीवर हा घाट चढून आपल्या जुन्नरात यायचा. दोन हजार वर्षं झाली." मी विचारलं, "जहाज दिसतं का इथून?" तुम्ही डोळे बारीक करून इतका वेळ बघत राहिलात की मला खरंच वाटलं, आता दिसणार. मग म्हणालात, "दिसत नाही. पण आपल्या पायाखालचे हे दगड त्यांनीच झिजवलेत." समुद्र न पाहिलेला माणूस जहाजांविषयी घरच्यासारखा बोलत होता. पुढं पुण्याला शिकायला गेल्यावर मी याला तुमचं अज्ञान समजलो. शिक्षणाचा पहिला फायदा हाच.

आता त्या एसटीचं. डोंगराकडच्या त्या गावात पहिल्यांदा गाडी जाणार होती. रस्ता नुकता झालेला, अरुंद, एका बाजूला दरी. मी पाठशाळेची शेवटची परीक्षा देऊन सुट्टीला आलेलो, अंगावर विद्येची नवी कोरी शाल. पारापाशी लाल गाडी उभी आहे, पुढं हार, टपावर टोपल्या, आत गावातली निम्मी माणसं आधीच जागा धरून बसलेली. चालक परगावचा, त्या घाटात तो प्रथमच गाडी घालणार. तो तुम्हाला म्हणतो, "काका, नीट सगळं करा बरं का. वळणं लई वाईट हायेत." तुम्ही फेरी मारता, बॉनेटवर स्वस्तिक काढता आणि खणखणीत आवाजात ती प्रार्थना सुरू करता. नावेनं पाणी ओलांडावं तसं आम्हाला पलीकडं ने, अशा अर्थाची. पहिला अर्धा संपतो आणि मी, शेजारी तबक धरलेला तुमचा विद्वान चिरंजीव, मोठ्यांदा म्हणतो, "दादा, हा नावेचा मंत्र आहे. गाडीला रथाचा लागतो."

कुणीतरी हसलं. "घाटात नाव घालताय व्हय काका?" मग सगळेच हसले, चालकही हसला. पण त्याचं हसू लगेच मावळलं, तेही मी पाहिलं. तुम्ही दुसरा अर्धा म्हटलाच नाहीत. माझ्या हातातलं तबक घेतलंत, मला पुढं केलंत आणि म्हणालात, "म्हण तू." मी रथाचे मंत्र म्हटले, स्वरासकट, निर्दोष. गाडी चाकाखालचं लिंबू चिरडून निघाली. चालकानं निघताना मला नमस्कार केला नाही. तुमच्याकडं बघितलं.

घरी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसून, ताटाकडं बघतच बोललात. "रथात बसतो एक धनुर्धारी आणि पुढं सारथी. आज त्या गाडीत म्हाताऱ्या होत्या, कोंबड्या होत्या, माळव्याच्या पाट्या होत्या. एवढं गाव एकदम पोटात घेऊन जाणारं वाहन आपल्या मंत्रांत एकच आहे." मी काहीतरी प्रतिवाद करणार होतो. तुम्ही भाकरी मोडलीत. "आणि दुसरं म्हणजे, घाट त्या माणसाला चढायचा होता. तुझी परीक्षा झाली होती ना?" आई म्हणाली, "जेवू द्या की त्याला." मी जेवलो. त्यानंतर वाहनपूजेचं कुणी विचारलं की तुम्ही माझ्याकडं बोट दाखवायचात. रागानं नाही, म्हणूनच ते जास्त लागायचं. तुमच्यासमोर सात वर्षं मी रथाचे मंत्र म्हणत राहिलो आणि दुसऱ्या अर्ध्यात काय होतं, हे एकदाही विचारलं नाही.

तर काल. मी नऊ वाजून बारा मिनिटांचा मुहूर्त काढून पिशवी घेऊन हजर. फेरी मारली, तुमच्यापेक्षा जलद. लिंबू काढलं आणि चाक शोधू लागलो.

"काका, याला चाक नाही," ती मुलगी म्हणाली.

तिची सासू तत्परतेनं म्हणाली, "मंग पायाखाली ठिवा की!"

"नको हो आत्याबाई, वाकडं बसलं तर नीट उठत नाय ते." हार काढला, तर म्हणे तो पंख्यात अडकेल. नारळ इथं नको, करवंटीचा तुकडा उडाला तर पातं जाईल. एकेक करत सगळं सामान पिशवीत परत गेलं. तीस वर्षांच्या पौरोहित्यात इतका निःशस्त्र मी कधी झालो नव्हतो. नऊ बारा झाले तरी ती हातातल्या पडद्याकडं बघत उभीच. म्हटलं, "मुहूर्त टळतोय." ती म्हणाली, "थांबा काका, अजून उपग्रह सापडत्यात. आठच झालेत."

दादा, हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं. माणसानं सोडलेली ती यानं हजारो कोस वर फिरतात, त्यांनी या टोमॅटोच्या वावरातला हा कोळी हुडकून काढायचा, तू नेमका इथं आहेस असं त्याला सांगायचं, आणि मगच तो जमीन सोडणार. चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी मी दूरदर्शनसमोर टाळ्या वाजवल्या होत्या, पण ते लांबचं होतं. इथं एक मुलगी बांधावर उभी राहून, आपण ग्रहांची वाट बघतो तशी त्यांची वाट बघत होती. आणि माझ्या ग्रहांपेक्षा तिचे भरवशाचे. मी वर बघत राहिलो. भरदिवसा काय दिसणार? तरी बघत राहिलो.

भानावर येऊन रथाचे मंत्र सुरू केले. आत बसलेल्याचं रक्षण कर, इथपर्यंत आलो. अर्थ मी नेहमी मराठीतही सांगतो. ती म्हणाली, "पण आत तर कुणीच नाही." बाया हसल्या. मग ती जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, शिकताना दोनदा पाडलंय मी हे. घरी सांगितलं नाय. आज पडलं तर गटाच्या बाया दुसऱ्या कुणाला देतील. तुमी काहीबी म्हणा, पण जोरात म्हणा." बोलताना तिनं दोनदा मागं वळून सासूकडं बघितलं. आणि मला त्या चालकाचं मावळलेलं हसू आठवलं.

मी रथ सोडून दिला. अक्षता यंत्रावर न टाकता तिच्या डोक्यावर टाकल्या आणि नावेची प्रार्थना सुरू केली, तुमच्या चालीत, तुमच्याइतक्या मोठ्यांदा. पहिला अर्धा संपला तेव्हाच सहाही पंखे घुमू लागले. पुढचं येत नव्हतं. मी नुसते ओठ हलवत राहिलो. त्या आवाजात कुणाला कळणार? तबकातलं कुंकू उडालं, सासू लाल झाली, मी लाल झालो, आणि तो जमिनीवरून उठला. धावला नाही, उडी मारली नाही. होता तिथूनच सरळ उठला, जणू जमिनीनंच त्याला वर उचलून दिलं. पुरुषभर उंचीवर थांबला. हवेत, कशालाही न धरता. मग ओळीवरून सरकत गेला, खाली पानं आडवी होत गेली, बांधाशी वळला, परत आला आणि उठला होता तिथंच टेकला. मग सासू म्हणाली, "उतरिवला बया पोरीनं!" आणि तिनं कुंकवाच्या तोंडानंच सुनेची अलाबला घेतली.

मुलगी माझ्याकडं आली. "काका, ती प्रार्थना लिहून द्या. रोज उडवायच्या आधी म्हणीन."

रात्रभर पोथ्या काढल्या, दादा. पहिला अर्धा सापडतो, जिथं असायला हवा तिथंच. दुसरा कुठंच नाही. तुम्ही तो कुठून आणला होता याची मला आता शंका येते, पण विचारायची वेळ होती तेव्हा मी शहाणा होतो. सकाळी कागद घेऊन बसलो आणि चार चरण जमवले. छंद एके ठिकाणी लंगडतो. परीक्षक असतो तर मीच नापास केला असता. दुपारी तिला नेऊन दिला. तिनं तिथंच वाचला, बोट ठेवून, अडखळत, आणि विचारलं, "कुणाची हो ही?"

मी सांगितलं, सगळी माझ्या वडिलांची आहे.