एकही कर्मचारी नाही

४ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. पहिल्या दिवसापासून रोजनिशी लिहायची असं ठरवलं होतं, म्हणून ही नवी वही.

आमच्या सरांचं काम कंपन्यांच्या कागदपत्रांचं. कंपनी काढायची असो की मोडायची, लोक त्यांच्याकडे येतात. माझ्या वाट्याला मोडायची आली आहे. शर्टांची बटणं बनवणारी एक कंपनी. अकरा वर्षांत तिने एक बटण बनवलेलं नाही, पण नोंदणी कार्यालयाच्या यादीत तिचं नाव अजून जिवंत आहे. ते काढायचं तर अर्ज करायचा, दारावर तीस दिवस नोटीस लावायची, आणि तेवढ्या काळात कुणाची लेखी हरकत आली नाही तर नाव कायमचं रद्द. कुणी हरकत आणलीच तर ती घ्यायला दहा ते पाच कुणीतरी तिथे बसलेलं हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

सर म्हणाले, हे सहा वेळा करून झालंय. दर वेळी शेवटच्या दिवशी टेबलावर हरकतीचं पत्र हजर. कोणीतरी जुना कर्मचारी असणार, गोचिडासारखा चिकटलाय. सही इतकी बारीक की भिंगातूनही नाव लागत नाही. आणि तिथे बसवलेल्या मुली तरी कुठे टिकतात? न सांगता निघून जातात, आता चेहरेसुद्धा आठवत नाहीत. तू तरी टिक गं बाई. कंपनी बंद झाली की तुला कायम करतो, तसं पत्र देतो.

ते पत्र मला हवं आहे. बाबांनी त्याच्यासाठी चौकट आणून ठेवली आहे, भिंतीवर खिळासुद्धा ठोकला आहे.

ऑफिस छान आहे. पहिला मजला, खाली शिंप्याचं दुकान, दोन खोल्या, मोठी खिडकी, नऊ खुर्च्या. सगळ्या पुसल्या. सहा खुर्च्यांच्या गाद्या बसून बसून दबलेल्या, तीन कोऱ्या. त्यातली खिडकीजवळची मी घेतली.

दाराजवळच्या टेबलावर मस्टर होतं, दोरीने बांधलेलं पेन त्यावर आडवं. सर त्याबद्दल काही बोलले नव्हते. पण बाबांचं सांगणं पक्कं डोक्यात आहे. बांधकामावर एकदा त्यांचा हजेरीचा अंगठा द्यायचा राहिला. दिवसभर विटा वाहिल्या आणि संध्याकाळी मुकादम म्हणाला, तू आज आलाच नव्हतास. तेव्हापासून ते म्हणतात, पोरी, जिथे काम करशील तिथे आधी सही कर, मग पाणी पी. आमच्या घरात अंगठा सोडून सही करणारी मी पहिली. पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, वळणदार.

संध्याकाळी आईचा फोन. काम ऐकून हसत सुटली. म्हणे, लोकांच्या पोरी नोकरीला लागतात आणि कंपनी वाढवतात, आमची लागली ती कंपनी बुडवायलाच!

७ मार्च, गुरुवार

खालचे शिंपीकाका गमत्या माणूस. जिना चढताना रोज थांबवतात. आज म्हणाले, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, तू तिथे पगार कसला मागतेस? मग डब्यातून त्या कंपनीचं एक बटण काढून दाखवलं. कापड फाटेल पण हे बटण तुटणार नाही, म्हणाले. कंपनी गेली, चिवटपणा राहिला.

दिवसभर कुणी येत नाही. फोन वाजत नाही. मी फायली लावते, डबा खाते, पुन्हा फायली लावते. घरी आम्ही पाच माणसं एका खोलीत होतो. अभ्यासाला कोपरा मिळावा म्हणून मी भांडायचे. आता दोन खोल्या माझ्या एकटीच्या आहेत आणि मी मुद्दाम चावी टेबलावर आपटते, आवाज व्हावा म्हणून.

११ मार्च, सोमवार

काल रविवार होता. मी दिवसभर खोलीवर होते. कपडे धुतले, केस धुतले, घरमालकीणबाईंना गहू निवडायला मदत केली. ऑफिसच्या वाटेलासुद्धा गेले नाही.

मस्टरमध्ये काल, दहा तारखेला, माझी सही आहे.

शनिवारी घाईत दोन रकान्यांत केली असणार. माझ्या हातून अशी चूक होत नाही, पण झाली असणार.

१४ मार्च, गुरुवार

सरांना रोजचा फोन केला. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी सांगितलं. मग, हां हां, बटणवाली, असं म्हणाले.

वेळ जात नव्हता म्हणून मस्टरची मागची पानं उलटली. अकरा वर्षांपूर्वी कामगारांच्या सह्या एका दिवशी संपतात. त्यानंतर एकेका बाईच्या तीस-तीस सह्या, रविवार धरून. अशा सहा बायका. सहाही जणींची पहिली सही मोठी, ठसठशीत. पुढे दिवसागणिक लहान होत गेलेली. तिसावी सही मुंगीच्या पायाएवढी.

म्हणजे सरांनी माझ्याआधी इथे बसवलेल्या मुली. त्याही माझ्यासारख्याच शिस्तीच्या निघाल्या.

मग माझ्या सह्या पाहिल्या. चार तारखेची आणि आजची शेजारी शेजारी ठेवून पट्टीने मोजली. आजची निम्मी आहे.

१८ मार्च, सोमवार

कालच्या रविवारचीही सही आहे. काल मी खोलीचं दार आतून लावून बसले होते आणि दर तासाला वहीत वेळ लिहिली होती, खात्री असावी म्हणून.

जिन्यात शिंपीकाकांनी मापाची पट्टी गळ्यात अडकवत विचारलं, कोण हवंय ताई? वरती कुणी नसतं, बंद आहे ते. मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत.

२१ मार्च, गुरुवार

सरांकडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा आला. शेवटच्या दिवशी ते सही करणार. तिसरं कलम: कंपनीत आजमितीस एकही कर्मचारी नाही.

कंपनीच्या मस्टरवर रोज सही करणारी व्यक्ती म्हणजे काय? कर्मचारी. मी सरांकडे कामाला आहे, पण सही इथे केली. माझ्यामुळे सर खोटं लिहून देणार.

लगेच फोन करून कबूल केलं. ते म्हणाले, मस्टर? कसलं मस्टर? असलं तर खोडून टाक तुझं नाव, त्यात काय एवढं.

चार तारखेची सही खोडली. पट्टी लावून, एक रेघ.

मग आईला फोन केला, मन हलकं व्हावं म्हणून. कंपनी बुडवायलाच लागली, या तिच्या विनोदाची आठवण काढली. ती म्हणाली, मी कधी म्हटलं असं? मीही आठवून पाहिलं. मला काही आठवेना. जिना पहिल्यांदा कसा चढले, खुर्च्या कुणी पुसल्या, काहीच नाही. रोजनिशीत चार तारखेचं पान आहे, अक्षर माझं आहे. परक्या मुलीचं पत्र वाचावं तसं ते वाचलं.

दुसरी सही खोडली नाही.

२२ मार्च, शुक्रवार

नीट मांडून पाहते. एक सही खोडली तर एक दिवस गेला. तो माझ्यातूनही गेला, आईतूनही. मग नोंदणी कार्यालयाने कंपनीचं नावच खोडलं तर? मस्टर कंपनीचं. मस्टरमधली माणसं कंपनीची.

दोन एप्रिलला तिसावा दिवस.

मी आता तिथे जाणार नाही. सरांना निरोप ठेवला. पत्र नको, नोकरी नको.

२५ मार्च, सोमवार

तीन दिवस खोलीवर. आज सकाळी घरमालकीणबाई एका नव्या मुलीला घेऊन आत आल्या, खोली दाखवायला. मी पलंगावर बसले होते. त्या म्हणाल्या, महिनाभर रिकामीच आहे, हवा चांगली येते. मुलगी माझ्या उशीवर हात ठेवून गादी मऊ आहे का ते बघत होती.

मी ओरडले. बाईंनी खिडकी लावून घेतली.

जायला दुसरी जागा नव्हती. ऑफिसला आले. तिन्ही दिवसांच्या सह्या झालेल्या. खिडकीजवळची गादी दबली आहे, खोल, वर्षानुवर्षं कुणी बसल्यासारखी.

२८ मार्च

सर फोन उचलतात आणि हॅलो हॅलो करून ठेवतात.

इतर खुर्च्यांवर कुणीतरी आहे. बघितलं की नसतं. कडेने दिसतं. सहा जणी. कुणी वेणी घातलेली, कुणी चष्मा लावलेली, सगळ्या मान खाली घालून लिहिताहेत. एकमेकींकडे बघत नाहीत. मी ताई म्हणून हाक मारली. एकीचं पेन थांबलं — मग पुन्हा चालू.

वाटलं होतं, निदान सोबत असेल.

३० मार्च

आईचा फोन लागला. माझा आवाज तिला ऐकू गेला! लांबून कुठून तरी, पण गेला. मी रडत होते. ती इतकी मायेने बोलली. म्हणाली, बाळा, रडू नकोस, चुकीचा नंबर लागलाय तुला. कुणाची गं तू? मी सांगितलं, तुझी, थोरली. ती म्हणाली, मला एकच मुलगी आहे, ती समोर भाकरी खातेय. तुझी आई काळजीत असेल, तिला फोन कर हं.

मागून बाबा विचारत होते, हा खिळा भिंतीवर कशाला ठोकलाय?

खिळा आहे अजून. म्हणजे मी अजून थोडी — आहे.

२ एप्रिल, मंगळवार

तिसावा दिवस. आजची सही मलाच दिसत नाही.

सर आले. माझ्यासमोर उभे राहून फोनवर कुणाला तरी म्हणाले, हीही पळाली बघा, आजकालच्या पोरी म्हणजे अळवावरचं पाणी. नाव? नाव काय बरं होतं.

प्रतिज्ञापत्र टेबलावर ठेवलं. पेनाचं टोपण काढलं. तिसरं कलम.

त्यांनी सही केली, हरकत आली नाही, तर संध्याकाळी कंपनी नाही. मी नाही. त्या सहा नाहीत. खिळा नाही.

आता कळलं गोचीड कोण. सहा वेळा सहा जणी.

मी खोटं कधी लिहिलेलं नाही. हेही खोटं नाही. कोरा कागद घेतला: मी या कंपनीत रोज हजर असते. माझी हरकत आहे. खाली पूर्ण नाव, जमेल तेवढं मोठं.

कागद टेबलावर सरकवला. सर दचकले. उजेडाकडे धरून बघत राहिले, डोळे बारीक करून. मग शिवी हासडली आणि प्रतिज्ञापत्र फाडलं.

जाताना म्हणाले, पुन्हा नोटीस. पुन्हा एखादी पोरगी शोधा.

तेव्हा — तेव्हा मला उमगलं मी काय केलं.

६ मे, सोमवार

ती आली. नवीन चप्पल, डबा, नवी वही. नोटीस सरळ लागली का ते लांब जाऊन दोनदा पाहिलं. खुर्च्या पुसते आहे. सात दबलेल्या, दोन कोऱ्या. गुणगुणते आहे.

महिनाभरात या खोलीतला पहिला आवाज.

कोऱ्यांपैकी एक तिने ओढली. माझ्या शेजारची.

मस्टर लपवता आलं नाही, जड झालंय. डावा हात त्यावर दाबून धरला आहे, उजव्याने लिहिते.

ती टेबलाशी आली. दोरी धरून पेन उचललं. मस्टर उघडेना. चिकटलंय वाटतं, असं पुटपुटली. नखाने कड सोडवते आहे.

नको गं. जा. पाणी पी, खिडकी उघड, घरी जा —

सहाही जणींनी माना वर केल्या आहेत. पहिल्यांदाच.

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं. माझ्याच — हसली. ताई म्हणाली. मला ताई म्हणाली.

दिसते मी हिला. हात हलवून नको म्हणून सांगते, एकदाच, डावा हात जरासा उचलून —