मर्जीनं काढलेलं हेल्मेट

उस्ताद, तुम्ही हनुवटीखालचा पट्टा सोडून हेल्मेट कुंपणाच्या खांबावर अडकवलंत, तिथंच माझं सगळं बदललं. घोडी त्यानंतर बिचकली, तुम्ही त्यानंतर पडलात. नऊ वर्षं मी लोकांना पडण्याची गोष्ट सांगत आलोय. पट्ट्याची कोणालाच सांगितली नाही.

अमरावतीच्या त्या मैदानावर तुम्ही घोडेस्वारी शिकवायला आलात ते नाइलाजानं. दर्यापुरात तुमची वरातीत नाचणारी घोडी होती. पण सलग दोन हंगाम कपाशीनं दगा दिला, लोक नवरदेवाला पायीच मांडवात आणू लागले आणि घोडी विकावी लागली. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, म्हणजे कॉलेज सोडून सगळीकडे होतो. एक मुलगी मैदानावर शिकायला यायची, म्हणून मीही नाव घातलं. तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. "बसून राहिला इकडं, पाहून राहिला तिकडं. घोड्याले समजते बेटा, वरचा मानूस घरी नाही म्हनून."

हेल्मेटचा नियम त्याच उन्हाळ्यात आला. शिकणाऱ्याला सक्ती, शिकवणाऱ्याची मर्जी. ती काळी टोपली डोक्यावर घेऊन त्या मुलीसमोर जायचं मला मरणाहून वाईट वाटायचं. एका सकाळी मी हेल्मेट न घालताच टाच मारली. तुम्ही लगाम धरून मला सगळ्यांसमोर खाली उतरवलंत. मी म्हणालो, "डोस्कं माह्यं, मर्जी माही." तुम्ही घोडीच्या मानेवर हात ठेवून शांतपणे विचारलंत, "तुह्या मर्जीवर हिनं कुठी सही केली?" पोरं हसली. मी चिडून म्हणालो, "मंग तुमी कावून नाही घालत?" तुम्ही फेट्याला बोट लावलंत. "नऊ वार कपडा हाय, आत कापूस. आमच्या अब्बाची जिंदगी याच्यावरच गेली."

आणि खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. आपल्या मुलखात कापसावर कोणाचा विश्वास नाही? तुमच्या बायकोचा, आमच्या चाचीचा मात्र नव्हता. त्या फेट्याच्या आतली गादी तिनंच शिवलेली, तरी नव्हता. तुमच्या स्वयंपाकघरात मी पाटावर जेवतोय, ती तव्यावरची रोटी उलटते आहे आणि तुमच्याकडे न पाहता बोलते आहे, "बच्चों को पहनाते, और खुद का सर क्या लोहे का है?" मी हसतो. ती उलथनं माझ्याकडे रोखते. "तू मत हस. तेरे जैसों के सामने शान मारने को ही नहीं पहनते ये."

मग ती सकाळ. तुम्ही फेटा न बांधता आलात. मेंदी लावलेल्या केसांवर मैदानाचं हेल्मेट, जरा सैलच. मला बाजूला घेऊन म्हणालात, "निघताना तुह्या चाचीनं कसम देल्ली. येवढं तरी आयकतो म्हटलं तिचं." ही गोष्ट तुम्ही फक्त मला सांगितलीत. दोन दिवसांपूर्वी त्या मुलीनं मला, पुन्हा मागं येऊ नको, असं सांगितलं होतं. डोकं तापलेलंच होतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "बायकोले भेनारा मानूस घोडी काय आवरन?"

तुम्ही पट्टा सोडलात. हेल्मेट खांबावर अडकवलंत.

घोडी नवी होती. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकची ताडपत्री फडफडली, ती उभी राहिली आणि तुमचं डोकं पाण्याच्या हौदाच्या काठावर आपटलं. रक्त आलं नाही. तुम्ही उठलात, कपडे झटकलेत, चहा प्यालात, पुन्हा स्वार झालात. "कुछ नई हुआ," म्हणालात, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. दुपारी तुम्ही त्या घोडीला विकलेल्या घोडीच्या नावानं हाक मारलीत. मला गंमत वाटली. तुम्ही पुन्हा तेच नाव घेतलंत तेव्हा मी ते दुरुस्त केलं. तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिलात आणि अदबीनं विचारलंत, "तू कोनाचा पोरगा व्हय?" त्यानंतर उलटी, जीप, दवाखाना. सूर्य मावळायच्या आत सगळं संपलं.

मैदानाच्या कागदावर लिहिलं गेलं की शिक्षकांनी स्वतःच्या मर्जीनं हेल्मेट घातलं नव्हतं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. त्यानंतर मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. अकोल्याला आलो, हाती येईल ते काम करत राहिलो. पण दर ईदला दर्यापूरला जातो. चाची शीरखुर्म्याची वाटी पुढे करते आणि तेच बोलते, "कसम दी थी मैंने. वो भी नहीं रखी." ती रडत नाही, तुमच्यावर रागावते. नऊ वर्षं तुमच्या तसबिरीसमोर ती एकदाही बसलेली नाही. गेल्या ईदला म्हणाली, "मेरी बात का इतना भी वज़न नहीं था क्या?" आणि मी वाटी चाटूनपुसून खाल्ली, उस्ताद. दुसरी मागितली.

ती उद्या घर रिकामं करून लेकीकडे हैदराबादला चालली आहे, कायमची. आज सांगितलं नाही तर ती हाच राग घेऊन मरेल. सांगितलं तर माझ्यासाठी ते घर संपेल. कदाचित तिच्यासाठीही, कारण मग ती म्हणेल, कसम मी दिली नसती तर ते फेटा बांधून गेले असते, आणि या पोराला तोंड उघडायला जागाच मिळाली नसती. याचीच मला जास्त भीती वाटते.

एक राहिलं. आजवर मी स्वतःला समजावत आलो की ते वाक्य मी त्या मुलीसाठी बोललो, प्रेमात माणूस बहकतो. ती त्या सकाळी मैदानावर आलीच नव्हती. तुम्ही मला घोड्यावरून उतरवलं होतंत, त्याचा वचपा काढायचा होता. बस, एवढंच होतं.

हे कागद इथंच राहू देतो. चाचीला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायची ही गोष्ट नाही. दर्यापूरची जीप भरत आली असेल. उठतो, चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.