निळ्या ड्रमातला समुद्र

अड्याळ, ता. पवनी
२० मे २०२५

चि. मनाली हिस,
यादोमामाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझे दोन्ही समुद्री मासे, ढोबळी आणि मिरची, आणि त्यांच्यासोबतचं प्रवाळ सुखरूप आहेत. पुण्याची खोली सोडावी लागली म्हणून तू सोळा तास बादली मांडीवर धरून त्यांना इथे आणलंस, आणि परत जाताना माझ्याकडे अशी पाहत होतीस, जणू मी त्यांचा रस्सा करणार आहे. बाई, तीस वर्षं मी पाण्याच्या पंपांच्या मोटारी बांधतो. समुद्र पाहिलेला नाही हे खरं. पण पाणी कुठून कुठे जायला पाहिजे, हे मला कोणी शिकवलं नाही आणि शिकवायची गरजही पडली नाही.

मांडणी ऐक. काचेची टाकी पुढच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला, ऊन लागणार नाही अशी. तिचं पाणी नळीने खालच्या पेटीत उतरतं. पेटीत तीन कप्पे. पहिल्यात कापडी मोजा, तो कचरा धरतो. दुसऱ्यात स्किमर, तो बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसासोबत वरच्या कपात काढतो. तिसऱ्यात पंप, तो साफ पाणी पुन्हा वर पाठवतो. तुझ्या जोडणीत एक खोट होती. वीज गेली की वरचं पाणी पंपाच्या नळीतून उलटं खाली यायचं. मी त्या नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर दोन मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि उलटं येणं थांबतं. तुझ्या इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हा धडा ज्या दिवशी झाला, त्या दिवशी तू गैरहजर असशील.

पंचेचाळीस डिग्रीत पाणी फार उडतं, पण मीठ उडत नाही; म्हणून कमी झालेलं पाणी साध्या शुद्ध पाण्यानेच भरतो. प्रत्येक वस्तूवर नावाची पट्टी लावली आहे, हात पुसायच्या टॉवेलवरही. तुझी मामी म्हणाली, एक माझ्या कपाळावर लावा, नाहीतर एखाद्या दिवशी ओळखायचे नाही.

पाणी बदलण्यासाठी पडवीत निळा ड्रम भरून तयार समुद्र ठेवला आहे. चोवीस तास ढवळून, मोजून, मीठ बरोबर साडेतीन टक्के. आकडा खडूने ड्रमावर ठळक लिहिला आहे. धूळ जाऊ नये म्हणून झाकण कोणी उघडायचं नाही. पाणी मी झाकणाच्या भोकातून नळीनेच ओढतो.

फोन करू नकोस. फोनवर तू नुसतं हो मामा, हो मामा करतेस. कागदावरचं राहतं. सोबत पेटीची आकृती.

मायेचा प्रवाह दोन्हीकडून चालू असू दे.
तुझा मामा,
यादोराव


पुणे
२७ मे २०२५

ती. यादोमामा व सौ. मंगलामामी यांना,
मनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मामा, तुमचं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि आमच्या मजल्यावरची सगळी मुलं हस्ताक्षरातलं पत्र पाहायला जमली. आकृती साहेबांनी अर्धा तास ठेवून घेतली. भोकाबद्दल आभार. मी कॉम्प्युटरची इंजिनियर आहे, नळाची नाही, हे दहाव्यांदा लिहिते.

आता थट्टा पुरे. इथला एक दुकानदार मासे सांभाळायला तयार होता, पण तुम्ही ऐकलं नाही, म्हणून तुमच्याकडे ठेवले. ते पहिल्या पगारातून घेतलेले आहेत. त्यानंतर लॉकडाऊनमध्ये वर्षभर मी त्या खोलीत एकटी होते. जेवताना माझ्यासमोर दुसरं कोणी नसायचं, ते दोघंच काचेशी येऊन थांबायचे. नव्या जागेत टाकी ठेवायची परवानगी मिळाली आहे. शनिवारी, २८ जूनला, मी न्यायला येते. तोवर दोघं जिवंत पाहिजेत. बाकी काही इकडेतिकडे झालं तरी चालेल.

मामीला सांगा, टाकीत साबणाचा हात नको. तिने माशांना पोहे दिले असतील तर मला कळवू नका.

आहे तेवढा लाड कमी करू नये, ही विनंती.
तुमची,
मनाली


अड्याळ
१० जून २०२५

चि. मनाली हिस,
आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

सर्व यंत्रणा चालू आहे. मध्यंतरी पाण्याला किंचित तांबूस झाक आली होती, ती उतरत आहे. स्किमरची पूर्ण क्षमता अनायासे तपासून झाली. ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. प्रवाळ सध्या विश्रांती घेत आहे. मासे आहेत.

कामाच्या गडबडीमुळे थोडक्यात लिहितो. माया आहे तशी समजावी.
यादोराव


(त्याच पाकिटात, वहीच्या पानावर)

मनाली पोरी, मामीचा आशीर्वाद.

तुह्या मामानं पाकीट चिकटवाले मले देलं, म्हणून हे चिठ्ठी अंदर टाकून राहिली. त्यायले सांगू नको.

रोपासाठी पऱ्हे टाकायच्या आधी आपन बियाचं धान मिठाच्या पान्यात टाकतो, तुले ठाऊकच हाये. पोचट वर तरंगते, भरलेलं खाली बसते. दरसाल मी दहा लिटर पान्यात तीनशे ग्राम मीठ कालवतो, म्हणजे तीन टक्के, कृषी सहायकानं सांगितलं तसं. अवंदा पडवीत पाहतो त आयतंच पानी, अन् वर खडूनं लिवलं साडेतीन टक्के. मले वाटलं, लग्नाले अठ्ठावीस वर्षं झाले, यायनं एकदा तरी माह्या कामाची तयारी करून ठेवली. अर्धा टक्का जास्त त जास्त. तीस किलो धान त्यात घोळलं, पोचट काढलं, चांगलं धान साध्या पान्यानं धुतलं. एवढं चांगलं पानी फेकाले जीव नाई झाला, म्हणून झाकन लावून देलं.

दुसऱ्या दिवशी मामानं झाकन न उघडता नळीनं ते पानी टाकीत घेतलं. त्यायचाच कायदा, झाकन उघडाचं नाई. तासाभरात त्या स्किमरचा कप भरला, पेटी भरली, अन् फेस खोलीतून चालत उंबऱ्यापर्यंत आला. मले वाटलं दूध उतू गेलं, म्हणून मी आधी चुलीकडं धावली. इकडं ढोबळी अन् मिरची वर येऊन आ वासून राहिले होते. तुह्या मामाचं तोंड पांढरं पडलं. त्यायनं मले एकच विचारलं, “धानाले औषध लावलं होतं काय?” मी म्हटलं, नाई, औषध धुतल्यावर लावतेत. तवा ते तिथंच फेसात बसले.

गावातला पानीवाला सेवकराम लग्नघरी शुद्ध पान्याचे क्यान नेऊन राहिला होता. मामानं त्याची गाडी अडवून सारे क्यान उतरवले. वऱ्हाडानं काय पेलं कोन जाने. त्यात मीठ कालवलं, पन ढवळून तयार व्हाले वेळ लागते. तवर टाकीतलं पानी मग्गानं उचलून वरून ओतत बसलो, हवा मिसळाले. पाळीपाळीनं, चार घंटे. मामा मग्गे मोजत होते, मी मासे मोजत होती. दर खेपेले दोनच भरले, म्हणून बरं.

दोघंही अजून हायेत, पन खात नाईत. ते प्रवाळ मुठीवानी मिटून गेलं. मामाही नीट जेवत नाईत. तू फोनवर बोलजो नको, ते रडतीन.

तुही मामी


पुणे
१५ जून २०२५

ती. मामांना,
मनालीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. सगळं ठीक आहे हे वाचून बरं वाटलं.

सहज विचारते. समजा एखाद्या घरी, अर्थात तुमच्याकडे नव्हे, टाकीत धान घोळलेलं पाणी गेलं, तर काय करायचं? मला असं कळलं आहे की टाकीसाठी मिळणारा कोळसा बारीक पिशवीत भरून पेटीच्या मधल्या कप्प्यात ठेवावा. रोज दहावा हिस्सा पाणी बदलावं. मोजा दिवसातून दोनदा धुवावा. कोळशाचं पाकीट सोबत कुरिअरने पाठवत आहे, कोणाला उपयोगी पडलं तर.

आणि त्या घरात मामा नावाचा माणूस असेल तर त्याने भाचीला खरं लिहावं. मला रजा २८ च्या आधी मिळत नाही. काही वाईट असेल तर ते मला दारात उभं राहून कळू नये, एवढंच.

मामीला भरपूर माया.
मनाली


अड्याळ
२१ जून २०२५

चि. मनाली हिस,
मामाचे आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

तू मारल्यास तशा दोन रेघा ‘सहज’ या शब्दाखाली कोणी मारत नाही. शिवाय मागचं पाकीट मी पोस्टात वजन केलं तेव्हा ते माझ्या कागदाच्या हिशेबापेक्षा सहा ग्रामने जास्त भरलं होतं. मी ते न उघडता तसंच टाकलं. जे माझ्या हातून लिहिलं जात नव्हतं, ते कोणीतरी लिहिलं, हे बरंच झालं.

तेव्हा खरं लिहितो. या घरातल्या एकेचाळीस वस्तूंवर मी नावं लिहिली. ड्रमावर मात्र फक्त आकडा लिहिला. समुद्र असं लिहिलं नाही, माशांचं असंही लिहिलं नाही. मृगाच्या दिवसांत धानवाल्या घराच्या पडवीत मिठाच्या पाण्यावर साडेतीन टक्के लिहून ठेवणारा माणूस शहाणा नव्हे. तुझ्या मामीने आकडा वाचला आणि ती बरोबर वागली. चूक माझी. हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं, तर तिने चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं आणि मग शेजारच्या तुळसाबाईला बोलावून आणलं.

कोळसा तू म्हणालीस तिथे ठेवला. पाणी काचेसारखं झालं आहे. प्रवाळ काल सकाळी सव्वादहाला एका बाजूने उघडू लागलं, साडेअकराला पूर्ण उघडलं. ढोबळी चार दिवसांपासून खाते. मिरची कालपासून खाते, सात दाणे, पैकी एक थुंकला. दोघंही जिवंत आहेत. आमच्या घरातही जेवणं सुरू झाली आहेत. पऱ्हे असे उगवलेत की शेजारच्या शेतातला ईश्वर पाटाच्या बांधावरून येता-जाता थांबून विचारतो, वहिनीने कोणतं पाणी वापरलं. मी त्याला कृती सांगितलेली नाही. साडेसातशे रुपयांचं मीठ आहे ते.

तुझ्या येण्याची तयारी झाली. स्किमर, पंप, मोजे, दिवा, सगळं खोक्यांत भरायचा क्रम लिहून काढला आहे. निघण्याच्या दिवशी तीन तासांत काम होईल. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मी नवीन बांधला आहे, तो वीस तास चालतो. दोनदा चालवून पाहिला. माशांच्या पिशव्या, रबर, थर्माकोलचा डबा मांडून ठेवला आहे.

फक्त त्यांना पिशवीत भरायचं काम तू कर. मी दोनदा जाळी हातात घेतली, नुसता सराव म्हणून. ते काचेशी येऊन थांबले. मला ते जमणार नाही.

शनिवारी दुपारचं जेवण इथेच. ओढ आहे ती सर्वांना दिसते आहे, तेव्हा वेगळी लिहीत नाही.
तुझा मामा,
यादोराव